होणाऱ्या परिणामांस

मला अक्षरओळख पत्रकांनी करून दिली. माझ्या वडिलांना सगळी गल्ली नाना म्हणते, मीही नानाच म्हणते. ते धुळ्यातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवायचे. पत्रिका छापून उरलेला कागद घरी आणायचे आणि त्यावर स्वतःची पत्रकं काढायचे. त्यामुळे आमच्या भागातला सगळा निषेध गुलाबी, चकचकीत आणि अत्तराचा वास येणाऱ्या कागदावर झाला. एका पत्रकाच्या डोक्यावर सोनेरी गणपती होता आणि त्याच्या सोंडेखाली ‘पाणीटंचाईचा जाहीर धिक्कार’. लोक ते हातात घेऊन विचारत, मुलगी कुठली आहे?

वर्गातली मुलं अ अननसाचा म्हणायची. मी अ अन्यथाचा म्हणायचे.

नानांच्या पत्रकाचा सांगाडा ठरलेला. आधी विषय, मग मागणी, मग मुदत, आणि शेवटी इशारा. इशारा कायम एकच: ‘अन्यथा होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी प्रशासन जबाबदार राहील.’ मी हे वाक्य दोरीवरच्या उड्या मारताना म्हणत असे, कारण ते बरोबर बारा उड्यांत बसतं. तिसरीत असताना एका मुलीने माझं खोडरबर घेतलं, तर मी तिला लेखी कळवलं की मधल्या सुट्टीपर्यंत परत दे, अन्यथा होणाऱ्या परिणामांस वगैरे. बाईंनी नानांना शाळेत बोलावलं. नानांनी चिठ्ठी नीट वाचली, उलटून पाहिली आणि बाईंना एवढंच म्हणाले, “मुदत तर दिन्ही शे तिनी.”

नाना बोलतात अहिराणी. मूळचे शिंदखेड्याकडचे. पण हातात पेन आलं की त्यांच्या अंगात कोणीतरी दुसराच माणूस शिरतो आणि तो ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ याखेरीज बोलत नाही. शेजारी गादीवाले चाचा राहतात. कापूस पिंजून गाद्या भरण्याचं त्यांचं दुकान आमच्या भिंतीला लागूनच आहे. ते प्रत्येक पत्रक मन लावून वाचायचे आणि एकदा त्यांनी विचारलं होतं, “नाना, हा धिक्कार नेमका कोणत्या खात्यात जमा करायचा?” नाना दोन दिवस त्यांच्या ओट्यावर बसले नाहीत.

आणखी एक सवय सांगायला हवी. नाना कुठलाही कागद एक प्रत काढून देत नाहीत. दोन काढतात. एक समोरच्याच्या हातात, दुसरीवर समोरच्याची सही. तिला पोच म्हणतात. पोच मिळाली नाही तर कागद दिलाच नाही असं ते मानतात. भाजीत मीठ जास्त पडल्याबद्दल आईला निवेदन मिळालं होतं, आणि तिने हळदीच्या अंगठ्याने पोच दिली होती. ती अजून फाइलमध्ये आहे.

अशा घरातून निघून मी जळगावच्या एका केबल वाहिनीवर बातम्या वाचायला लागले.

नोकरीला नानांची हरकत नव्हती. हरकत मालकाबद्दल होती. वाहिनीचे मालक म्हणजे ज्यांनी आमच्या गल्लीतलं गटार बांधलं ते ठेकेदार. त्या गटाराचा उतार उलटा आहे. पाणी नाक्यापर्यंत जातं, थोडा विचार करतं आणि परत येतं. नानांनी त्या उतारावर बारा पत्रकं काढली होती. तेराव्याचा कागद कापत असताना मी त्यांना सांगितलं की मला नोकरी लागली आणि कुठे लागली. त्यांनी कात्री खाली ठेवली. त्या दिवसापासून नाना माझ्याशी बोलले नाहीत.

बोलले नाहीत म्हणजे तोंडाने नाही. मी पंधरा दिवसांनी धुळ्याला जायचे, तेव्हा चहाच्या बशीखाली घडी केलेला गुलाबी कागद असायचा. ‘मा. वृत्तनिवेदिका यांस. विषय: मंगळवारच्या बातमीपत्रात उद्घाटन या शब्दाचा उद्‌गाटन असा उच्चार झाल्याबाबत.’ खाली मागणी, मुदत, इशारा. मी वाचायचे, दुसऱ्या प्रतीवर पोच द्यायचे, नाना ती फाइलला लावायचे आणि माझ्याकडे न बघता आत जायचे.

गंमत अशी की आमच्या घरात टीव्ही नाही. तोही नानांच्याच तत्त्वामुळे नाही. मग त्यांना मंगळवारचं उद्‌गाटन कळलं कसं? मी आईला विचारलं.

“मले नको विचारू,” आई म्हणाली. ती जामनेरकडची, तिचा मले-तुले कधी सुटला नाही. “तुमचं दोघांचं मधात मी काय पोस्टमन आहे का?”

खरं तर ती पोस्टमनच होती. जेवायला बसलो की नाना ताटाकडे बघून म्हणायचे, “त्यास्ले इचार, भाकरी देऊ का.” त्यास्ले म्हणजे त्यांना. त्यांना म्हणजे मला. आई म्हणायची, “भाकरी देऊ का?” मी म्हणायचे, “अर्धी.” आई नानांना म्हणायची, “अर्धी.” तीन माणसांच्या स्वयंपाकघरात माझा बाप मला आदरार्थी बहुवचनात भाकरी वाढत होता. पहिल्यांदा मला हसू आलं. पाचव्यांदा मी अर्धं ताट टाकून उठले. मी जाणं लांबवायला लागले. निवडणूक आहे, पाहणी दौरा आहे, सर्दी आहे. शेवटचे दोन महिने तर गेलेच नाही. जळगाव आणि धुळे अशा दोन जिल्ह्यांना रोज संध्याकाळी नमस्कार करणारी मी, मला घरात नमस्कार करायला माणूस उरला नव्हता.

आता स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एका दुमजली इमारतीवरची खोली. मे महिन्यात जळगावात पत्र्यावर पापड ठेवला तर तो भाजून निघतो, आणि आमच्या खोलीवर पत्राच होता. एसी होता, पण त्याचं तोंड यंत्रांकडे होतं, कारण यंत्रं बंद पडतात आणि निवेदिका पडत नाही असा संपादकांचा अनुभव होता. हे संपादकच कॅमेराही चालवायचे आणि जाहिरातीही आणायचे. त्यांनी माझ्यासाठी टेबलाखाली पाण्याची बादली ठेवली होती. कमरेच्या वर निळा कोट, लिपस्टिक, गंभीर भुवया. कमरेखाली सुती पायजमा, घोट्यापर्यंत गार पाण्यात पाय. कपाशीच्या भावावर बोलताना मी बोटं हलवायचे आणि माइकमध्ये डुबुक असा आवाज यायचा. प्रेक्षकांना तो बातमीचाच भाग वाटायचा.

माझे तीन चेहरे होते. अपघाताचा, बाजारभावाचा आणि वाढदिवसाचा. वाढदिवसाचा चेहरा मला छळायचा. कारण वाढदिवस ही बातमी नसते, ती जाहिरात असते, आणि जाहिरात बातमीच्या आवाजात वाचणं ही फसवणूक आहे. यावर मी संपादकांशी भांडले. ते म्हणाले, “ताई, तत्त्व बरोबर आहे. पण एसीचं बिल वाढदिवसातून निघतं.” मग मी माझ्यापुरता निषेध ठरवला. शुभेच्छा वाचताना फक्त तोंड हसेल, डोळे हसणार नाहीत. वर्षभर हा निषेध मी चिकाटीने चालवला. तो कोणाच्याही लक्षात आला नाही.

आणि मग खुद्द मालकांचा वाढदिवस आला.

मजकूर लांबलचक होता. विकासपुरुष, गोरगरिबांचे कैवारी, पाण्यासारखे निर्मळ. पाण्यासारखे या शब्दापाशी मला आमचं गटार दिसलं, पण मी पुढे गेले. वाचायचा मजकूर कॅमेऱ्याखाली लावलेल्या टॅब्लेटवर सरकत असतो. तो कधी कधी अडकतो. तेव्हा नियम एकच: गप्प बसायचं नाही, वाक्य आपल्या मनाने पूर्ण करायचं आणि पुढच्या बातमीवर जायचं. मी वाचत होते, “त्यांना उदंड आयुष्य लाभो, त्यांच्या हातून जनतेची अशीच सेवा घडत राहो,” आणि स्वल्पविरामावर टॅब्लेट थिजला.

मी गप्प बसले नाही. तोंड हसतच होतं. आणि त्या हसऱ्या तोंडातून, अगदी ठणठणीत आवाजात, माझ्या बालपणाने वाक्य पूर्ण केलं:

“अन्यथा होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी प्रशासन जबाबदार राहील.”

व्याकरणाने ते चपखल बसलं, हीच पंचाईत झाली. अडखळले असते तर चूक वाटली असती. मी पुढची केळीच्या भावाची बातमी सुरू केली तेव्हा कॅमेऱ्यामागे संपादक जमिनीवर बसलेले होते. मला वाटलं, त्यांना उकाड्याचा त्रास झाला.

सकाळपर्यंत क्लिप सगळ्यांच्या मोबाइलवर होती. नशिराबादच्या नाक्यावर केळीच्या नुकसानीची बातमी करायला मी शेअर रिक्षाने गेले, तर चालक म्हणाला, “ताई, जरा सरकून बसा. अन्यथा होणाऱ्या परिणामांस.” मागच्या सीटवरच्या दोन अक्का पदर तोंडाला लावून हलत होत्या. शेतात शेतकरी काका मला आडवे झालेले केळीचे खांब दाखवत होते, ते मध्येच थांबले. “तेच का तुम्ही?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “मग आमचंबी त्याच आवाजात सांगा ना.”

अकराच्या सुमारास मालकांनी बोलावलं. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊ रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

“ताई, मला नीट समजावून सांगा,” ते म्हणाले. “मी जर मेलो, तर जबाबदार कोण?”

“प्रशासन,” मी म्हटलं.

“आणि मी सेवा केली नाही तर?”

“तरी प्रशासन.”

“मग यात मी कुठे आहे?”

संपादकांनी सांगितलं की एका सरकारी कार्यालयातून फोन येऊन गेला, नेमकं काय करणं अपेक्षित आहे ते लेखी कळवा म्हणून. भाऊंच्या आईंनी सकाळपासून देव पाण्यात घातले होते. त्यामुळे संध्याकाळी खुलासा वाचायचा असं ठरलं. संपादकांनी तो लिहून ठेवला होता. ‘कालच्या बातमीपत्रात आमच्या निवेदिकेच्या तोंडून अनुचित वाक्य गेले. लहानपणापासून घरात झालेल्या संस्कारामुळे असे घडले. त्याबद्दल दिलगीर आहोत.’

“घरातलं कशाला?” मी विचारलं.

“कारण मला माहीत आहे ते वाक्य कोणाचं आहे,” भाऊ म्हणाले. “बारा वेळा वाचलंय मी ते. गुलाबी कागदावर.” मग ते जरा थांबून म्हणाले, “हे वाचायचं तर वाचा. नाहीतर उद्यापासून येऊ नका. मुदत आज सातपर्यंत.”

चुकीबद्दल दिलगिरी मला मान्य होती. चूक माझीच होती. पण नानांच्या पत्रकांना चारचौघांत वाईट वळण म्हणायचं, आणि तेही त्यांनी ज्याच्या गटारावर बारा पत्रकं काढली त्याच्या वाहिनीवरून, हे मला जमणारं नव्हतं. ते वाचलं असतं तर अबोला कायमचा झाला असता. नाही वाचलं तर नोकरी जाणार. नोकरी दुसरी मिळेल. मी कागद पर्समध्ये घातला, संपादकांना सांगितलं की पोट बिघडलंय, आणि धुळ्याची बस पकडली. राजीनामा लिहायला हात शिवशिवत होता, पण राजीनामा लिहिण्याआधी ज्याच्यासाठी तो द्यायचा त्याला एकदा बघावं असं वाटलं. पारोळ्यापर्यंत माझ्या डोक्यात राजीनाम्याचा विषय, मागणी आणि इशारा तयार होते. मुदत सुचत नव्हती.

गल्लीत पोचले तर पहिल्यांदा चाचा दिसले. गादीच्या खोळीत अर्धे शिरले होते. मला बघून बाहेर आले. दाढीभर कापूस.

“बेटी, काल तू काय बोललीस,” ते म्हणाले. “नानाच्या हातातून कप पडला. माझा कप. नवा होता.”

“नाना तुमच्याकडे होते?”

“रोज सातला येतो. पण टीव्हीकडे पाठ करून बसतो, हां. बघत नाही तो. वचन आहे त्याचं. म्हणतो, चाचा, बघत नाही मी, फक्त आवाज वाढव.”

म्हणजे वर्षभर माझा बाप चाचांच्या दुकानात भिंतीकडे तोंड करून, मांडीवर वही घेऊन, माझं उद्‌गाटन ऐकत बसला होता. मी चाचांच्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर बसले. थोडी रडले. कापूस डोळ्यांत गेला म्हणून चाचांनी पाणी दिलं आणि मीही तेच कारण चालू दिलं.

घरात नाना जमिनीवर बसून पत्रिका दुमडत होते. मी समोर उभी राहिले. आईने दाराशी येऊन आमच्या दोघांकडे पाहिलं, निरोपासाठी तोंड उघडलं. पण तिची गरज पडली नाही. नानांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं,

“मुदत कोठे शे?”

मला कळेना. “कसली मुदत?”

“काल. मागणी नही, मुदत नही, आनि एकदम इशारा. असं कोठे राहस का? मनं वाक्य शे ते, पोरी. वापरानं तर नीट वापर.”

मी एवढंच ऐकलं की ते पोरी म्हणाले. वाक्य त्यांचं आहे आणि ते नीट वापरायचं, हे बाकीचं नंतर कळलं. आई दारातच बसली आणि म्हणाली, “सुटले बाई मी.”

मी कागद काढून त्यांना खुलासा वाचून दाखवायला लागले. संस्काराचं वाक्य आलं तसं मी म्हटलं, “हे मी वाचणार नाही, नाना. राजीनामा देते.”

नानांनी चष्मा लावला. कागद हातात घेऊन तीनदा वाचला. मग कानावरचं लाल पेन काढलं आणि ‘संस्कारामुळे’ या शब्दावर एक टिंब दिलं. संस्कारांमुळे.

“एकच थोडा शे का?” ते म्हणाले. “बठ्ठा मनाच शेत. हाई वाक्य चांगलं शे. वाच.”

बठ्ठा म्हणजे सगळे. “नाना, ते टोमणा मारताहेत,” मी म्हटलं.

“मारू दे. खरं शे ना?” त्यांनी कागद अजून जवळ धरला. “पन खुलासा अर्धा शे. जे राही गयं, ते लिव्हनं पडी.”

मग आम्ही दोघांनी मिळून जे राहून गेलं होतं ते लिहिलं. पाऊण तास ‘सदरहू’ आणि ‘सदर’ यावर भांडलो. आईने दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा कोणाच्याही मार्फत नाही. परतीच्या बसमध्ये मी तो कागद पाठ केला.

सात वाजता बादलीत पाय घालून मी खुलासा वाचला. अनुचित वाक्य, घरातले संस्कार, दिलगिरी, सगळं जसंच्या तसं. संपादकांनी समाधानाने मान हलवली. आणि मी पुढे वाचलं, “तसेच सदर इशारा देताना मागणी व मुदत नमूद करण्याचे अनवधानाने राहून गेले. ती पुढीलप्रमाणे वाचावी. मागणी: धुळे येथील आमच्या गल्लीतील गटाराचा उलटा उतार सुलटा करावा. मुदत: आठ दिवस.” डोळेही हसत होते, असं नंतर क्लिपमध्ये दिसलं. कपाशीच्या भावाला मी बोटं हलवली.

मला काढलं नाही. काढलं तर ती दुसरी क्लिप होईल, असं संपादकांनी भाऊंना समजावलं. पण सातच्या बातम्या गेल्या, आणि आता मी दुपारी बाराला फक्त बाजारभाव वाचते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. केळीचा भाव खोटा बोलत नाही, आणि त्याला वाढदिवस नसतो. आठव्या दिवशी गल्लीत दोन माणसं फीत घेऊन आली, गटार मोजलं, पाणी परत येताना बघितलं, म्हणाली खरंच येतं की, आणि गेली. तेरावं मी टीव्हीवर वाचलं असं धरून नाना चौदाव्या पत्रकाची तयारी करताहेत.

गेल्या रविवारी घरी गेले. नाना जेवताना भरपूर बोलले. आवाज पडतो तुझा, जामनेरला जामणेर म्हणालीस, कोट चांगला दिसत नाही. कोटाबद्दल त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. निघताना चपला घालत होते, तर त्यांनी गुलाबी कागद हातात दिला. कोपऱ्यात कोणाच्या तरी लग्नाचा कलश होता. ‘मा. वृत्तनिवेदिका यांस. विषय: घरी येणेबाबत. मागणी: आपण दर रविवारी जेवावयास घरी यावे. अन्यथा होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी आपण जबाबदार राहाल.’

मी पुन्हा एकदा वाचलं.

“नाना, मुदत कोठे शे?”

नाना दुसरी प्रत आणि पेन पुढे करून उभे होते.

“याले मुदत नही राहस,” ते म्हणाले. “पोच दे.”